एक थप्पड, एक डोळा आणि क्लोज-अप: ललिता पवार पुन्हा कशा उभ्या राहिल्या

मोबाईलचा फ्रंट कॅमेरा उघडा, एक डोळा किंचित बारीक करा आणि स्वतःकडे बघा. चेहरा तोच, पण भाव बदलला ना? जरा संशयी, जरा कावेबाज दिसायला लागलात. समोरच्या माणसाचे डोळे आपण आधी वाचतो, आणि दोन्ही डोळे सारखे नसले की नजर तिथेच अडकते. आपल्यासाठी ही दोन मिनिटांची गंमत. ललिता पवार यांच्यासाठी मात्र १९४२ नंतर हाच पोटापाण्याचा प्रश्न झाला.

आपल्याकडे बहुतेकांना त्या मंथरा म्हणूनच माहीत आहेत. १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं. रेणापूरसारख्या गावात तेव्हा टीव्ही मोजकेच. ज्याच्या घरी असेल तिथे अख्खी गल्ली जमायची, आणि एक पोरगं माळवदावर अँटेना फिरवत उभं असायचं. त्या मंथरेला शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की ही बाई एकेकाळी हिरॉईन होती?

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. मूळ नाव अंबा, माहेरचं आडनाव सगुण. १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात त्या बालकलाकार म्हणून आल्या (फाळक्यांचा १९१३ चा तो वेगळा). मूकपटात आवाज नाही, म्हणजे राग, लाज, भीती, सगळं चेहऱ्यानेच सांगायचं. हे शिक्षण पुढे फार उपयोगी पडलं. तरुणपणी त्या नायिका झाल्या, १९३२ च्या ‘कैलाश’ची सहनिर्मितीही केली. बोलपट आले तेव्हा मूकपटातल्या कितीतरी कलाकारांची कामं गेली. ह्या टिकल्या.

मग १९४२. ‘जंग-ए-आज़ादी’चं शूटिंग. सीनमध्ये भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती ठरल्यापेक्षा फार जोरात बसली. डाव्या डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, अपघातच होता. पण तो टाळता आला असता का? इथे थोडं तंत्र समजून घेऊ.

पडद्यावरचं चित्र सपाट असतं, त्यात खोली नसते. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवला की हात आणि गाल एका रेषेत येतात. हात गालापासून वीतभर लांबून गेला तरी प्रेक्षकाला तो लागल्यासारखाच दिसतो. त्यात सेकंदाला फक्त २४ फ्रेम, आणि वेगात जाणारा हात प्रत्येक फ्रेममध्ये धूसर. खाणाऱ्याने नेमक्या क्षणी मान झटकायची आणि ‘फाट्’ हा आवाज नंतर जोडायचा. झालं काम. खरी थप्पड मारण्याची कॅमेऱ्याला गरजच नसते. तरीही ‘सीन खरा वाटला पाहिजे’ म्हणून खरंच मारण्याची खोड सिनेमात होती. माझ्या मते ती हौस कलेची कमी आणि निष्काळजीपणाची जास्त.

इजा नक्की कशाला होते?

आपल्याकडे अशा वेळी ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात. वाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. मेंदूतून निघणारी सातवी नस कानाच्या खाली बाहेर येते आणि गालावर पाच मुख्य फांद्यांमध्ये पसरते. हसणं, भुवई उचलणं, डोळा मिटणं, सगळं तिच्याकडे. तिला इजा झाली की त्या बाजूचे स्नायू हुकूम ऐकेनासे होतात. तुटलेली नस पुन्हा वाढते, पण वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. वाढतानाही एखादा धागा चुकीच्या स्नायूला जाऊन जोडला जाऊ शकतो. म्हणून काहींचा चेहरा बराचसा सावरतो, पण अगदी पहिल्यासारखा होत नाही. (कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं तर मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषधाचा फायदा सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.)

ललिताबाईंचे उपचार जवळपास तीन वर्षं चालले. चेहरा सावरला. डावा डोळा मात्र बारीकच राहिला.

आता हिशेब करा. पडदा १५ फूट उंच आहे आणि क्लोज-अपमध्ये चेहऱ्याने तो वरपासून खालपर्यंत भरलाय. मग एक डोळा जवळजवळ दोन फूट रुंद दिसतो. तिथे काय लपवणार? कॉम्प्युटरवर दुरुस्ती करायची सोय तेव्हा नव्हती. नायिकेच्या कामाचा रस्ता बंद झाला, तेव्हा वय होतं पंचविशीच्या आसपास.

त्यांनी मग चेहरा लपवायचा नाद सोडला आणि भूमिकाच बदलल्या. १९४४ साली आलेल्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई होत्या. ‘ध’चा ‘मा’ केल्याचा ठपका जिच्यावर आहे, ती. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) छळणारी सासू. बारीक झालेला डोळा, किंचित कललेली मान, आणि एक शब्द न बोलता सून थरथर कापायची. खाष्ट सासू म्हटलं की ललिता पवार, हे समीकरणच बसलं.

‘त्या थप्पडीनेच त्यांना मोठं केलं’ असं काही लोक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. नुसत्या बारीक डोळ्याने काम होत असतं तर ‘श्री ४२०’मधली (१९५५) मायाळू केळेवाली कुठून आली? ‘अनाड़ी’मधली (१९५९) मिसेस डी’सा बघा. वरून कडक, तोंडाने फटकळ, आणि भाडेकरू पोरावर आईसारखी माया. डोळा तोच. त्याच डोळ्यातून इथे जिव्हाळा दिसतो, कारण बाकीचा चेहरा, आवाज आणि हात वेगळं काम करतायत. या भूमिकेला सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला. त्याच वर्षी ‘मेमदीदी’ आला, त्यात तर त्याच मेमदीदी, सिनेमाच त्यांच्या नावावर. पुढच्या वर्षी ‘प्रोफेसर’मध्ये खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडणारी कडक आत्या, नुसती धमाल. ‘आनंद’मधली (१९७१) मेट्रनही त्याच.

मंथरा केली तेव्हा वय सत्तरीचं होतं. २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात औंधला त्या गेल्या. पहिल्या मूकपटापासून मोजलं तर सत्तर वर्षं होतात. त्यातली अपघाताआधीची फक्त चौदा.