ऑलिंपिकमधलं काळं कडं आफ्रिकेचं नाही, मग कशाचं?

निळा युरोपचा, पिवळा आशियाचा, काळा आफ्रिकेचा, हिरवा ऑस्ट्रेलियाचा, लाल अमेरिकेचा. मुखेडच्या अभ्यासिकेत बसलेल्या पोरालाही हे उत्तर झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. पण ज्यांनी ही पाच कडी काढली, त्यांनी असं कधी सांगितलंच नव्हतं.

बॅरन पिअर दी कुबर्टिन, जन्म १ जानेवारी १८६३, पॅरिस. सरदार घराणं, पैशाला तोटा नाही. ते आठ वर्षांचे असताना प्रशियाने फ्रान्सला युद्धात लोळवलं. पुढे इंग्लंडच्या शाळांमध्ये अभ्यासासोबत खेळालाही मान आहे, हे त्यांनी पाहिलं आणि आपल्या देशातल्या पोरांनाही मैदान मिळावं हा ध्यास घेतला. १८९२ मध्ये त्यांनी ग्रीकांचं जुनं ऑलिंपिक पुन्हा सुरू करू असं सुचवलं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. गडी थांबला नाही. २३ जून १८९४ ला समिती उभी राहिली, १८९६ ला अथेन्समध्ये स्पर्धा झाली.

कडी आली १९१३ मध्ये. कुबर्टिन यांनी एका पत्राच्या माथ्यावर ती हाताने काढून रंगवली. पाच कडी म्हणजे जगाचे पाच भाग, हे खरं. रंगांचा हिशेब मात्र वेगळा होता, आणि तो सहा रंगांचा होता. सहावा रंग म्हणजे मागचा पांढरा, जो आपण मोजतच नाही. तेव्हाच्या सगळ्या देशांचे झेंडे या सहा रंगांत बसावेत, असा तो विचार. स्वीडनचा निळा-पिवळा, जपानचा लाल-पांढरा, बेल्जियमच्या झेंड्यातला काळा. त्या काळी जवळपास सगळी आफ्रिका युरोपियनांच्या ताब्यात होती. काळा म्हणजे आफ्रिका आणि पिवळा म्हणजे आशिया म्हटलं, की ते थेट कातडीच्या रंगावर जातं. कुबर्टिन यांच्या हिशेबात ते नव्हतं. अर्थात माणूस सगळ्याच बाबतीत उदार नव्हता. बायकांनी ऑलिंपिकमध्ये उतरू नये, असंच त्यांचं मत शेवटपर्यंत होतं.

महायुद्धामुळे १९१६ चं ऑलिंपिक रद्द झालं. हा झेंडा स्पर्धेत पहिल्यांदा फडकला १९२० ला, अँटवर्पमध्ये. तिथे आपली माणसंही होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या मदतीने भारताचा छोटा संघ गेला होता. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे आणि कुमार नवले उतरले. पण तेव्हा आपला देश इंग्रजांच्या ताब्यात, त्यामुळे त्या सहा रंगांत मोजायला आपला स्वतःचा झेंडाच नव्हता.

१९२५ ला कुबर्टिन यांनी अध्यक्षपद सोडलं. तोवर घरची संपत्ती बरीच संपली होती. २ सप्टेंबर १९३७ ला जिनिव्हात ते गेले. देह लोझानला पुरला, हृदय मात्र ग्रीसमधल्या ऑलिंपियाला नेलं.

खंड आणि रंगांची जोडी पुढे ऑलिंपिक समितीच्या पुस्तिकेतही शिरली होती. कुबर्टिन यांच्या मनात तसं असल्याचा पुरावा नाही, म्हणून १९५१ मध्ये ती काढून टाकली. आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या गाइडांमध्ये ती अजून आहे.