रहस्यकथाकाराचे ऋण

मराठी माणूस वाचत नाही, ही तक्रार पुण्याच्या सभा-संमेलनांतून नेमाने ऐकू येते. ती करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या वाङ्मयाचा इतिहास सांगताना बाबुराव अर्नाळकरांचे नाव आदराने घेतले असेल?

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९०६ चा, मृत्यू १९९६ चा. मुंबईत चष्म्याचे दुकान सांभाळून या गृहस्थाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. या विक्रमाची दखल गिनेस बुकानेही घेतली. गुप्तहेर धनंजय व त्याचा सहकारी छोटू, तसेच झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची पात्रे एका पिढीला घरच्या माणसांइतकी परिचित होती. त्यांच्या आधी गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या आधारे अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहून वाचकांना रहस्याची गोडी लावली होती. अर्नाळकरांनीही इंग्रजी कथांचा आधार घेतला; परंतु ते रहस्य त्यांनी मराठी वाचकाच्या ओळखीच्या जगात आणले.

अमेरिकेत पिंकर्टनची खासगी गुप्तहेर संस्था १८५० च्या सुमारास उभी राहिली. आपल्या सामान्य वाचकाचा असल्या व्यवसायाशी प्रत्यक्ष संबंध जवळजवळ नव्हता. तरीही धनंजय त्याला आपला वाटला. रहस्यकथेतील दोन निराळी प्रकरणे अखेरीस एका गाठीत येतात, तेव्हा ती गाठ आधीच ओळखण्यासाठी वाचकाला नावे, वेळा आणि विसंगती ध्यानात ठेवाव्या लागतात. सलग व सावधपणे वाचण्याचे हे शिक्षणच नव्हे काय?

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहता या यशाचे मर्म अधिक स्पष्ट होते. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण अवघे १८ टक्क्यांच्या आसपास होते. नवसाक्षर कामगार वा अल्पवेतनी कारकून यांना जाड ग्रंथ विकत घेणे परवडणारे नव्हते आणि ते वाचण्याची सवडही नव्हती. त्यांना हवे होते एका बैठकीत संपणारे, सोप्या भाषेतील आणि भाड्याने मिळणारे पुस्तक. अर्नाळकरांनी ते पुरविले. एकच प्रत अनेक हातांतून फिरे. त्यामुळे त्यांचा वाचकवर्ग विक्रीच्या आकड्यांहून कितीतरी मोठा होता.

या लेखनात साचेबंदपणा आहे, व्यक्तिरेखा उथळ आहेत आणि परकीय कल्पनांची उसनवारीही आहे, हे आक्षेप खरे आहेत. परंतु वाङ्मयीन गुणवत्ता आणि सामाजिक कार्य ही दोन स्वतंत्र मापे होत. पहिल्यात उणा ठरलेला लेखक दुसऱ्यात थोर ठरू शकतो. शिडीच्या वरच्या पायरीचे कौतुक करताना खालची पायरी काढून टाकली, तर वर चढणार कोण?

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. हाताळून जीर्ण झालेल्या या पुस्तिका रद्दीत जाण्यापूर्वी जतन करण्याचे काम ग्रंथालयांनी अंगावर घ्यावे. पुणे नगर वाचन मंदिरासारख्या १८४८ पासूनच्या संस्थेची परंपरा असलेल्या या शहराने त्यात पुढाकार घेणे उचितच ठरेल. आणि शिक्षकांनी विद्यार्थ्याच्या हातातील रहस्यकथा हिसकावून घेऊ नये. ती संपली की तो दुसरे पुस्तक मागतो. वाचनसंस्कृतीचा आरंभ त्या मागणीतच असतो.