लाकडी पिस्तूल

पिस्तूल म्हटले की चित्रपटातला खलनायक आठवतो. मला मात्र जहाजावर लाकूड कोरीत बसलेला सोळा वर्षांचा एक पोरगा आठवतो. सॅम्युएल कोल्ट त्याचे नाव. जन्म १८१४ चा, अमेरिकेतील हार्टफर्ड गावचा. १८३० साली तो खलाशी म्हणून निघाला. जहाज चालले होते आपल्या कलकत्त्याला! त्याच सफरीत त्याने फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला.

१८३६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. पॅटरसनला कारखाना निघाला, पण १८४२ मध्ये तो बुडाला. १८४७ मध्ये कॅप्टन वॉकर यांच्या आग्रहाने सैन्याने १००० रिव्हॉल्व्हर मागवली, तेव्हा कोल्टपाशी कारखानाच नव्हता. दुसऱ्याच्या कारखान्यात त्याने ती करवून घेतली. १८५५ मध्ये हार्टफर्डला त्याचा स्वतःचा प्रचंड कारखाना उभा राहिला. १८६२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी तो वारला.

तांब्याच्या टोपीवर बार काढणारी त्याची रिव्हॉल्व्हर आज संग्राहक जपतात. पारखी माणूस चकाकीला भुलत नाही. नळी, नळकांडे, सांगाडा यांवर एकच क्रमांक आहे ना, हे तो आधी पाहतो. जुने हत्यार घासून चकचकीत केले, तर त्याची किंमत उतरते.

कोल्टची पारख मी अशीच करतो. त्याची जिद्द आणि त्याच्या हत्यारांनी घेतलेले जीव, दोहोंवर क्रमांक एकच आहे. जिद्दीला नमस्कार करावा. पण चरित्र घासून चकचकीत करू नये.