कै. दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे शिकून त्यांनी छायाचित्रण व मुद्रण हे धंदे केले. १९११ साली ईस्टरच्या सुमारास त्यांनी मुंबईत प्रभु येशूच्या चरित्राचा मूकपट पाहिला, आणि राम-कृष्णांची चरित्रेही अशीच पडद्यावर आणावी, या विचाराने त्यांस झपाटले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेस गेले व विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले.

त्या काळी कोरी फिल्म कडेच्या छिद्रांवाचून येई. ती छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात करीत. हे काम क्षुल्लक नव्हे. छिद्र तिळभर चुकले की पडद्यावरील चित्र थरथरते आणि त्याची रेखीवता जाते. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा, आणि फुटात चित्रे सोळा. म्हणजे जवळजवळ ५९,००० चित्रे! ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला.

आज हिंगोलीतील विद्यार्थ्याने मोबाईलच्या काचेवर त्याचे अवशेष पाहिले, तर ते अंधुक दिसतात. त्यावरून फाळक्यांची कला ओबडधोबड ठरविणे अन्यायाचे होईल. फिल्मवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते. मूळ निगेटिव्हवरून प्रत, प्रतीवरून पुन्हा निगेटिव्ह, असे करताना दर वेळी बारकावे पुसट होतात. पस्तीस मिलिमीटरच्या उत्तम निगेटिव्हचे संगणकीय स्कॅन आडव्या अंगाने सुमारे ४,००० बिंदूंचे केले, तर त्यातील बहुतेक तपशील हाती येतो. झिजलेल्या प्रतीचे केले, तर ओरखडेच अधिक स्पष्ट उमटतात. प्रतीत जे उरले नाही, ते यंत्र कोठून आणणार? कॉरोनेशनमधील प्रेक्षकांनी नव्या प्रतीवर जे पाहिले, ते आपल्या वाट्यास आलेले नाही.

१९१७ साली त्यांचा ‘लंकादहन’ गाजला. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, तोवर त्यांची बहुतेक चित्रे नष्ट झाली होती. ती जुनी नायट्रेट फिल्म ठिणगीसरशी पेटे, आणि नुसती ठेवली तरी कुजे. ‘हरिश्चंद्रा’ची पहिली व शेवटची रिळे तेथे आहेत, पण तीही १९१७ साली पुन्हा घेतलेल्या चित्राची असावीत, असे काही अभ्यासक मानतात.