सायकलीपासून नांगरापर्यंत

जुनी सायकल पाहून ती कोणत्या कारखान्याची व किती वर्षांची, हे ओळखणे हे एक शास्त्रच आहे. त्यातून ती इटालियन शर्यतीची सायकल असेल तर जाणकार माणूस रंगावर विश्वास ठेवत नाही. रंग कुणीही नवा देऊ शकतो. तो प्रथम हँडलखालच्या नळीवरचा कारखान्याचा बिल्ला पाहतो, मग सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक शोधतो. पायडलचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो तिची रुंदी मोजतो. इटालियन पद्धतीची ही नळी ७० मिलिमीटरची, तर इंग्लिश पद्धतीची ६८ मिलिमीटरची असते. गिअरवर पेटंटचे वर्ष कोरलेले असेल तर काळाचा अंदाज येतो, पण तो भाग मागाहून बदललेला नाही ना, हेही पडताळावे लागते. थोडक्यात, यंत्राची खरी ओळख त्याच्या घडणीत आणि त्यावर उमटवलेल्या नावात असते.

हे नाव उमटवण्याचे भाग्य सर्वांना लाभत नाही. १८८५ साली इटलीतील मिलान शहरात एदोआर्दो बियांकी या वीस वर्षांच्या अनाथ तरुणाने छोटासा कारखाना काढला. त्याचे नाव आजही सायकलींवर झळकते. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील एक सोळा वर्षांचा मुलगा मुंबईत चित्रकला शिकायला आला. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढावीत आणि यंत्रे खोलून पाहावीत, हे त्यांचे दोन छंद. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठीशी उभे राहून त्यांना सर जे. जे. कलाशाळेत घातले. परंतु काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणराव मात्र रडत बसले नाहीत. रंग नसले तरी रेषा हाताशी होती. त्यांनी यंत्रांची रेखाटने काढण्याची विद्या आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

याच काळात सायकलीने त्यांना मोहिनी घातली. आपल्या देशात तेव्हा सायकलीचे कारखाने नव्हते. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या तेथे विकाव्यात, असा क्रम सुरू झाला. १८८८ साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा आरंभ झाला तो या दुकानापासून. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये असे आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे! दुकानाची पाटी किर्लोस्करांची होती, पण सायकलीवरचे नाव परक्याचे होते.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थांची नेमणूक झाली. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला व बेळगाव गाठले. दुरुस्तीच्या निमित्ताने हाताला यंत्रांची सवय होतीच. आता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल चोख असूनही पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली! विलायती सायकलीसाठी हजार रुपये मोजणारा समाज घरच्या नांगराकडे संशयाने पाहत होता.

तेवढ्यात नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलवण्याची पाळी आली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर जमीन दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी वसू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यासाठी देऊ केल्या. तोफांचे नांगर झाले! एव्हाना ‘किर्लोस्कर नांगर’ हे शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी रुळू लागले होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

हे चरित्र आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे असे मला वाटते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. तेथील मालावर ‘मेड इन यूएसए’ असे छापलेले असते, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यावर हसताना आपण एक गोष्ट विसरतो. माल करणाऱ्याच्या हातात कसब होते. गिऱ्हाइकाला मात्र परके नाव हवे होते. ज्यांचे घरदार मागे राहिले, त्यांना संध्याकाळच्या भाकरीसाठी माल आजच विकणे भाग होते. दोन वर्षे वाट पाहणे त्यांना परवडणारे नव्हते. लक्ष्मणरावांना ते जमले, कारण त्यांच्या पाठीशी रामूअण्णा होते. तेव्हा दोष केवळ नाव लपवणाऱ्याला देऊन चालणार नाही. घेणाऱ्यानेही आपल्या मनाला विचारावे.

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत आज कितीतरी हात यंत्रांचे सुटे भाग घडवतात. त्या भागांवर त्या हातांचे नाव नसते. यंत्राचा बिल्ला पाहून आपण त्याची किंमत ठरवतो. तशी त्याची घडणही नीट पाहायला शिकलो, तर त्यामागची माणसे आपल्याला दिसू लागतील. रंग न ओळखणाऱ्या त्या चित्रकाराला घडण मात्र अचूक ओळखता येत होती. त्याचे मोठेपण यातच आहे.