पिएर द कूबर्तां

फ्रान्सच्या इतिहासात १८७० हे साल मोठ्या आपत्तीचे होय. त्या वर्षी प्रशियाशी झालेल्या युद्धात फ्रान्सचा सम्राट शत्रूच्या हाती सापडला आणि पॅरिस शहराला चार महिन्यांहून अधिक काळ वेढा पडला. पिएर द कूबर्तां त्या वेळी सात वर्षांचा होता. त्याचा जन्म १ जानेवारी १८६३ रोजी पॅरिसमधील एका जुन्या सरदार घराण्यात झाला. त्याचे वडील चित्रकार होते. नॉर्मंडी प्रांतातील मिरव्हिल येथे या घराण्याची मोठी गढी होती. पराभवाच्या छायेत पिएर लहानाचा मोठा झाला. आपले राष्ट्र असे दुर्बल का झाले, हा प्रश्न त्या काळी विचारी फ्रेंच माणसांना अस्वस्थ करीत असे. पिएरच्या मनात तर त्याने कायमचे घर केले.

पॅरिसमधील जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. तेथे त्याला प्राचीन ग्रीकांच्या भाषेची आणि इतिहासाची गोडी लागली. त्याच सुमारास, १८७५ पासून १८८१ पर्यंत, जर्मन संशोधक ग्रीस देशातील ऑलिंपिया येथे उत्खनन करीत होते. दर चार वर्षांनी जेथे ग्रीक तरुण धावण्याच्या, कुस्तीच्या आणि थाळीफेकीच्या स्पर्धांसाठी जमत, ते स्थान अनेक शतके मातीखाली गाडले गेले होते. ते पुन्हा उजेडात आले, तेव्हा साऱ्या युरोपचे लक्ष तिकडे वेधले. शाळकरी पिएरच्या कल्पनेलाही त्या भग्न स्तंभांनी भुरळ घातली.

सरदार घराण्यातील मुलाने सैन्यात जावे किंवा वकील व्हावे, अशी त्या काळची रीत होती. पिएरला हे दोन्ही मार्ग रुचले नाहीत. राष्ट्राची शक्ती तोफांत नसून मुलांच्या शिक्षणात आहे, अशी त्याची धारणा झाली, आणि शिक्षणाची सुधारणा हेच त्याने आपले जीवितकार्य ठरविले.

फ्रान्समधील शाळांची स्थिती तेव्हा शोचनीय होती. मुले दिवसाचे अनेक तास बाकांवर बसून पाठांतर करीत. व्यायाम असलाच, तर तो लष्करी कवायतीच्या धर्तीचा असे. हुकूम झाला की हात वर, हुकूम झाला की हात खाली! अशा व्यायामात मुलांचे मन रमत नसे आणि शाळा सुटताच तो संपत असे. १८८३ मध्ये वीस वर्षांचे कूबर्तां इंग्लंडला गेले. रग्बी येथील शाळेत त्यांना निराळेच दृश्य दिसले. तेथील मुले आपले खेळ आपणच चालवीत. नायक तीच निवडीत, नियम तीच पाळीत आणि नियम मोडणाऱ्याला तीच जाब विचारीत. या पद्धतीचे श्रेय कूबर्तां यांनी त्या शाळेचे पूर्वीचे मुख्याध्यापक टॉमस अर्नोल्ड यांना दिले. अर्नोल्ड यांचा स्वतःचा खेळांवर तितका भर नव्हता, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तथापि कूबर्तां यांनी तेथे जे सत्य पाहिले, ते खोटे नव्हते. लादलेला व्यायाम शरीराला थकवितो, पण आवडीने पत्करलेला खेळ शरीराबरोबर मनही घडवितो, ही गोष्ट त्यांना तेथे उमगली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी लेख लिहिले, व्याख्याने दिली, शाळांच्या चालकांना गळ घातली. खेळाने अभ्यास बुडेल, अशी अनेकांना भीती वाटे. १८८८ मध्ये त्यांनी शिक्षणात व्यायामाचा प्रसार करण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. केवळ उपदेश करून ते थांबले नाहीत. तलवारबाजी, मुष्टियुद्ध, घोडेस्वारी आणि नौकानयन हे त्यांचे आवडते खेळ होते. १८९२ मध्ये फ्रान्समध्ये रग्बी या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम सामन्याचे पंचही तेच होते.

१८९० मध्ये इंग्लंडमधील मच वेनलॉक या लहानशा गावी त्यांची विल्यम पेनी ब्रूक्स या वृद्ध डॉक्टरांशी भेट झाली. ब्रूक्स यांनी १८५० पासून आपल्या गावातील कष्टकऱ्यांसाठी क्रीडामेळावे भरविले होते. एका खेडेगावात जे घडू शकते, ते साऱ्या जगासाठी का घडू नये, हा विचार कूबर्तां यांच्या मनात बळावला. २५ नोव्हेंबर १८९२ रोजी पॅरिस येथील सॉर्बोन विद्यापीठात त्यांनी ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू करण्याची कल्पना मांडली. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या, परंतु कोणाला ती नीट कळली नाही, आणि कोणी पुढेही आले नाही. कूबर्तां निराश झाले नाहीत. दीड वर्ष खपून त्यांनी निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींना एकत्र आणले, आणि २३ जून १८९४ रोजी त्याच सॉर्बोनमध्ये ऑलिंपिकच्या पुनरुज्जीवनाचा ठराव संमत झाला.

पहिला मान ग्रीसला मिळाला. पण त्या देशाची तिजोरी रिकामी होती, आणि तेथील पंतप्रधानांनी विरोध केला. अखेर युवराज कॉन्स्टंटाइन यांनी कार्य अंगावर घेतले आणि जॉर्जिऑस अव्हेरॉफ या धनिकाच्या देणगीतून अथेन्सचे प्राचीन क्रीडांगण संगमरवराने पुन्हा सजले. ६ एप्रिल १८९६ रोजी सामन्यांचा आरंभ झाला. चार दिवसांनी मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंतची सुमारे ४० किलोमीटरांची दौड झाली. ती जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा सामान्य घरातला, पाणी वाहून पोट भरणारा ग्रीक तरुण होता. तो क्रीडांगणात शिरला, तेव्हा हजारो प्रेक्षकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

यानंतरचा मार्ग सुकर नव्हता. १९०० मध्ये खुद्द पॅरिसमध्ये झालेले सामने एका भव्य जागतिक प्रदर्शनात हरवून गेले. तरीही कूबर्तां नेटाने काम करीत राहिले. १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे क्रीडेबरोबर कलांच्याही स्पर्धा झाल्या. साहित्याचे सुवर्णपदक खेळावरील एका काव्याला मिळाले. त्यावर दोन अपरिचित नावे होती, पण त्यांमागचा खरा कवी होता स्वतः कूबर्तां!

माणूस व्यायामाला का प्रवृत्त होतो आणि काही दिवसांनी तो का सोडून देतो, या प्रश्नाचा त्यांनी मनापासून विचार केला. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी खेळाचे मानसशास्त्र आणि शरीरशास्त्र यांवर एक परिषद भरविली. या विषयाकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. खेळाचे मूळ कालच्यापेक्षा आज पुढे जाण्याच्या इच्छेत आहे, असे ते मानीत. काही थोडे खेळाडू असामान्य पराक्रम करतात, त्यांना पाहून अनेक जण खेळू लागतात आणि त्या अनेकांमुळे शेकडो लोक व्यायामाकडे वळतात, असा त्यांचा विश्वास होता. पुढील काळातील अनुभवाने मात्र एक गोष्ट शिकविली आहे. पराक्रम नुसता पाहून माणसे मैदानावर जातातच असे नाही. जवळ मोकळी जागा, सोबतीला मित्र, समजूतदार शिक्षक आणि खेळातला आनंद हीही हवीत. कूबर्तां यांनाही हे अगदीच अज्ञात नव्हते. प्रत्येक नगरात श्रमिकांसाठी व्यायामाचे स्थान असावे, असा आग्रह त्यांनी पुढे धरला.

त्यांच्या विचारांत एक मोठी उणीव होती. स्त्रियांनी ऑलिंपिकच्या मैदानात उतरावे, हे त्यांना कधीच मान्य झाले नाही. सर्व मानवजातीसाठी खेळ मागणाऱ्या या पुरुषाने अर्ध्या मानवजातीला दाराबाहेर ठेवू पाहिले. त्यांच्याच देशातील ॲलिस मिलिया यांनी या अन्यायाविरुद्ध झुंज दिली, आणि १९२८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे स्त्रिया प्रथमच ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरल्या.

पहिल्या महायुद्धामुळे १९१६ चे सामने होऊ शकले नाहीत. कूबर्तां यांनी १९१३ मध्ये पाच वर्तुळांचे चिन्ह रेखाटले होते. युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, बेल्जममधील अँटवर्प येथे ते असलेला ध्वज ऑलिंपिक सामन्यांत प्रथमच फडकला. त्याच सामन्यांत भारताचा लहानसा संघ उतरला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना पाहिली होती. त्यांच्या पुढाकाराने हा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि मल्ल रणधीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकून ते चौथे आले.

१९२५ मध्ये कूबर्तां यांनी ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद सोडले. तोपर्यंत वडिलोपार्जित संपत्ती बहुतेक संपून गेली होती. घरात मुलांच्या आजारपणाचे दुःख होते. तरी त्यांचे लेखन थांबले नाही, आणि उतारवयातही सरोवरात नाव वल्हविण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. २ सप्टेंबर १९३७ रोजी जिनिव्हा येथील एका उद्यानात फिरत असता हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले.

त्यांचा देह लोझान येथे चिरविश्रांती घेत आहे. हृदय मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे ऑलिंपिया येथे नेण्यात आले आणि १९३८ मध्ये एका शिलास्तंभात ठेवण्यात आले. बालपणी ज्या भूमीने त्यांच्या मनाला साद घातली होती, तेथेच ते विसावले. मुलांना बाकांवरून उठवून मैदानावर नेण्याचे जे कार्य त्यांनी आरंभिले, ते मात्र कोणा एका पिढीत संपणारे नव्हे. ज्या गावात सायंकाळी मुलामुलींच्या पावलांनी मैदान गजबजून जाते, त्या गावात ते कार्य पुढे चालू असते.