गणितानंद कै. द. रा. कापरेकर

दहावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील घराघरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो गणिताच्या गुणांचा. व्यापाराची परंपरा असलेल्या घरांत हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्यांच्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत होती आणि ज्यांच्या आगम-परंपरेत गणितानुयोगाला स्वतंत्र स्थान आहे, त्यांच्याच नातवंडांना गणिताची धास्ती वाटावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. शिकवणीवर्ग वाढले, मार्गदर्शके वाढली. हाताने आकडेमोड करण्याची सवय मात्र सुटत चालली. म्हणूनच या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात शाळामास्तर म्हणून आयुष्य वेचलेल्या एका गणितज्ञाचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे, आणि त्याहूनही पालकांपुढे, ठेवावेसे वाटले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते अवघे आठ वर्षांचे असताना त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. ज्योतिषाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या गणनेतून या पोरक्या मुलाला आकड्यांची गोडी लागली, एवढे खरे. ठाण्यास माध्यमिक शिक्षण घेत असताना ते तासन्‌तास गणिती कोडी सोडविण्यात रमून जात. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण एवढेच.

१९३० मध्ये ते देवळाली येथे शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. संगमनेरहून सिन्नरमार्गे नाशिकरोडला पोहोचले की देवळाली फार दूर राहत नाही. लष्करी छावणी आणि हवापालटाचे ठिकाण म्हणून आपण ते गाव ओळखतो. तेथे ना मोठे ग्रंथालय, ना संशोधनसंस्था. कागद, पेन्सिल आणि शाळेच्या वेळेतून उरलेला अवकाश, एवढीच कापरेकरांची सामग्री होती.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ सालचा. तो समजण्यास चौथीची वजाबाकी पुरेशी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य धरावे. त्यांच्या जन्मसालापासूनच आरंभ करू. १९०५ चे अंक ९५१० आणि ०१५९ असे मांडले की वजाबाकी ९३५१ येते. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीस ६१७४. यापुढे कितीही वेळा क्रिया केली तरी ६१७४ च येते. दुसरी कोणतीही संख्या घ्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम हाच. आज ही संख्या जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

हा खेळ घरी मुलांकडून अवश्य करवून घ्यावा. मात्र तो करताना एक सवय लावावी. येथे प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराला ९ ने नि:शेष भाग जातो, म्हणून उत्तरातील अंकांची बेरीज ९ च्या पटीत आलीच पाहिजे. ९३५१ ची बेरीज १८, ३९९६ ची २७. तशी आली नाही तर हातचा चुकला, असे समजावे. उत्तर बरोबर आले का, हे बाईंना विचारण्याआधी आपले आपण पाहण्याची ही रीत परीक्षेत किती उपयोगी पडते, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल.

कापरेकरांचे वैशिष्ट्य असे, की क्रिया पूर्ण झाली तरी ते आकड्याला सोडीत नसत. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येस नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद असे सुंदर नाव दिले. ६१७४ ही स्वतःच हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि भागाकार ३४३. डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी काही संख्यांना डेम्लो म्हटले. गणिताची एवढी संगत, की स्नेही त्यांना गणितानंद म्हणू लागले.

परंतु विद्वानांच्या दरबारी त्यांना मान मिळाला नाही. मद्रासच्या गणित परिषदेत १९४९ साली त्यांनी ६१७४ चा शोध मांडला. तथापि अनेक भारतीय गणितज्ञ त्यांच्या कामाला पोरखेळ समजत. त्यामुळे पुष्कळसे लेखन त्यांना पदरमोड करून पुस्तिकांच्या रूपाने छापावे लागले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन त्यांनी गुजराण केली. त्या ओढाताणीतही आकड्यांचा नाद सुटला नाही. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि सत्तरीत आलेल्या या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. आपल्याकडील माणसाची किंमत परक्याने सांगितल्यावरच आपल्याला कळावी, हे काही प्रथमच घडले नाही. १९८६ मध्ये कापरेकरांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणखी काही संख्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून बेरीज केली की पुन्हा ४५ च येतात. २०२५ साल उजाडले तेव्हा गणितप्रेमींना कापरेकरांची आठवण झाली ती यामुळेच. यानंतर असे साल येईल ते थेट ३०२५. त्याचा पडताळा मुलांनी स्वतः करावा.